सरळ रेषेचा दम

जितूदादूसने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, चढाईला आलेल्याचा घोटा कसा धरायचा. दोन, आपल्याला स्पर्श झाला असेल तर पंचाने पाहिलेलं नसलं तरी हात कसा वर करायचा आणि मुकाट मैदानाबाहेर कसं जायचं.

"घोटा धरायला ताकद लागते," तो सांगायचा, "हात वर करायला आईबापाचं नाव लागतं."

मी तेव्हा सहावीत होतो. मला वाटलं, हात वर करताना आईवडिलांचं नावही घ्यायचं असतं. पहिल्याच स्पर्धेत बाद झाल्यावर मी हात वर करून "सुनंदा आणि मोरेश्वर घरत!" असं ओरडलो होतो. पंचांनी मला सावलीत बसवून पाणी दिलं.

जितूदादूस म्हणजे जितेश, माझा थोरला चुलतभाऊ. त्याची आई लवकर गेली, म्हणून माझ्या आईने त्याला वाढवलं. आमचं गाव खारकोळवे, अलिबागच्या बाजूला, खाडीला चिकटून. गावात मासे आणि कबड्डी सोडून तिसरा विषय निघाला की लोक उठून जातात. बाकी जगात जे बदललं ते आमच्याकडेही बदललं. सहाआसनी रिक्षा विनाचालक झाल्या. आता त्यांत दहा माणसं बसतात, कारण चालकाची जागा रिकामी असते.

कबड्डीत मात्र गडबड झाली होती. टीव्हीवरच्या सामन्यांत घड्याळ आलं आणि दमाकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. पूर्वी चढाईपटूने एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत जायचं आणि त्याच श्वासात परत यायचं. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, खेळाडू बाद. आता लोक तोंडातल्या तोंडात काहीही पुटपुटत होते. पेणचा एक जण बाजारातून आणायच्या वस्तू म्हणायचा. मग कुठल्या तरी परदेशी समितीने ठरवलं की कबड्डीला ऑलिम्पिकमध्ये यायचं असेल तर दम मोजता आला पाहिजे. त्यातून दमयंत्र आलं.

जिल्हा संघटनेकडे यंत्र आलं तेव्हा ते सांभाळायला माणूस हवा होता. जिल्ह्यात 'आयन' हा शब्द ऐकून "कुणाचा मुलगा?" असं न विचारणारा मी एकटाच होतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आणि प्रकल्पही याच विषयावर. म्हणून यंत्र माझ्याकडे आलं. मी गावच्या वेताळेश्वर क्रीडा मंडळात डाव्या कोपऱ्यावर पकडीलाही होतो, म्हणजे खेळाडूही मी आणि यंत्रवालाही मीच. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण स्पर्धेचे गुणलेखक हे शिरवलीच्या कर्णधाराचे सासरे होते.

यंत्र कसं चालतं हे मी सगळ्या संघाला मैदानावरच समजावलं.

"समजा, जितूदादूस हा ऑक्सिजनचा आयन आहे."

"म्हणजे काय?" जितूदादूस.

"म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन गेलाय असा ऑक्सिजन."

"कुठे गेला?"

"यंत्राने काढून घेतला."

"मग यंत्र चोर."

"पुढे सगळेच चोर आहेत, दादूस. ऐक तर."

त्याला मी मध्यरेषेवर उभं केलं आणि बाकीच्यांना समोर पसरवलं. हे बाकीचे म्हणजे हवेतले आणि श्वासातले रेणू, कुणावरच विजेचा प्रभार नाही, आपापल्या जागी शांत. आयन त्यांच्यात चढाईला जातो, आणि जोरात जातो. त्याला एक इलेक्ट्रॉन हवा असतो. समोर नायट्रोजन आला तर काही मिळत नाही. नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरतो की ऑक्सिजनला ते सुटत नाहीत. पण ॲसिटोन नावाचा एक रेणू असतो, तो प्रत्येक माणसाच्या रक्तात तयार होतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. तो इलेक्ट्रॉन सैल धरतो. आयन त्याच्याजवळून नुसता घासून गेला तरी पुरे. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो. आपल्याकडे बोट लागलं की गुण, तसंच.

"आता गंमत बघा," मी म्हणालो. "दादूसला इलेक्ट्रॉन मिळाला. तो आयन राहिला नाही, साधा ऑक्सिजन झाला. यंत्रात विजेच्या पट्ट्या असतात, त्या फक्त प्रभार असलेल्यांना ओढतात. दादूसवर आता प्रभार नाही, म्हणून तो पट्ट्यांच्या मधून सरळ निघून जातो. आणि ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो ॲसिटोन प्रभारित होऊन मागे उरतो. त्याला पट्ट्या ओढतात आणि मोजणाऱ्या डबीवर नेऊन आपटतात. असे किती आपटले यावरून श्वासात ॲसिटोन किती ते कळतं."

जितूदादूस मध्यरेषेवरून माझ्याकडे वळला.

"म्हणजे ज्याचं गेलं, तोच पकडला जातो?"

"हो."

"आणि ज्याने नेलं तो?"

"तो यंत्राला दिसतही नाही."

"परत एकदा सांग."

मी परत सांगितलं. मला फार बरं वाटलं. दहावीला विज्ञानात दोनदा नापास झालेला माणूस इलेक्ट्रॉनबद्दल दुसऱ्यांदा विचारतो, यापेक्षा शिक्षकाला काय हवं? मी उत्साहात आणखी थोडं सांगितलं. चोरलेला इलेक्ट्रॉन बरेचदा थेट आपल्या जागी बसत नाही, वरच्या माळ्यावर पडतो, आणि तिथून खाली उतरताना प्रकाश सोडतो. सूर्याकडून सुटलेले आयन धूमकेतूभोवतीच्या वायूत घुसून अशीच चोरी करतात, आणि त्यामुळे धूमकेतू क्ष-किरणांत उजळतात. "म्हणजे चोर क्षणभर चमकतो," मी म्हणालो.

"आपल्या यंत्रात दिसतं ते?"

"नाही. त्याला वेगळा डोळा लावावा लागतो. डोळ्यासकट घेतलं तर किंमत दुप्पट."

"मग राहू दे," जितूदादूस म्हणाला. सगळे हसले. मी जास्त हसलो.

यंत्राचा डबा कमरेला बांधायचा. त्यातून निघालेली काडी कानामागून ओठांपर्यंत यायची. माणूस 'कबड्डी कबड्डी' म्हणतोय तोवर श्वास बाहेर पडतोय, काडीत ॲसिटोन येतंय. त्याने चोरून श्वास आत घेतला की काडीत बाहेरची हवा शिरते, ॲसिटोन पडतं, आणि डबा शिटी मारतो. पंचाचे कान, प्रेक्षकांचा गोंगाट, कशाचाच संबंध नाही.

पहिल्या मोसमात जिल्ह्यातली कबड्डी बंद पडायची वेळ आली. एकूण एक चढाईपटू श्वास घेत होता. वर्षानुवर्षं सगळे घेत आले होते. पहिला सामना चढाईच्या गुणांत शून्य-शून्य सुटला. प्रेक्षक वडे खाऊन, नारळाचं पाणी पिऊन आणि शिट्ट्या ऐकून घरी गेले. दुसऱ्या सामन्यात एकाने दम टिकवला, पण तो परत येताना बेशुद्ध पडला. पंचांनी त्याला गुण दिला, कारण पडताना त्याचा हात मध्यरेषेच्या अलीकडे आला होता. सत्कार त्याच्या वडिलांनी स्वीकारला.

फक्त एका माणसाच्या कमरेचा डबा कधीच वाजला नाही.

जितूदादूस आत जायचा, तिघांना हुलकावणी द्यायचा, चौथ्याच्या पाठीला हात लावायचा, निवांत परत यायचा. यंत्रावर त्याच्या दमाची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ. गावात फलक लागले. 'खारकोळव्याचा प्राण.' एका योगशिक्षकाने येऊन त्याचे पाय धरले. जितूदादूसने सवयीने पाय मागे ओढला आणि योगशिक्षक मध्यरेषेवर पडले. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता मागे वळून बघताना मला त्या एका दुपारचं जेवण आठवतं. आईने सुरमई तळली होती. जितूदादूस काटे काढता काढता म्हणाला, "यंत्र फक्त ते ॲसिटोनच मोजतं काय रे?"

"श्वासात आयसोप्रीनही असतं," मी म्हणालो, "पण धावपळ केली की ते उगाच उसळतं. त्याचा भरवसा नाही. म्हणून फक्त ॲसिटोन."

"म्हणजे ॲसिटोन येत राहिलं की शिटी नाय."

"नाय."

"काकी, अजून एक तुकडी वाढ," तो आईला म्हणाला.

आणखी एक गोष्ट आठवते. त्याची बायको, विभावहिनी, घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. एकदा मी पंख्याची वायर जोडायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "निनाद, बाटलीतून आपोआप उडून जातं काय रे रिमूव्हर? गिऱ्हाईक आहे तेवढंच, बाटल्या दुप्पट लागतात."

"झाकण घट्ट लावत जा," मी म्हणालो.

नखांचा रंग काढायचा रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन, हे मला माहीत होतं. मी एम.एस्सी. आहे. पण जितूदादूस आणि रिमूव्हर या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एका बाकावर बसतच नव्हत्या.

अंतिम सामना शिरवलीशी होता. राज्य संघाच्या शिबिरासाठी जिल्ह्यातून एकच जण जाणार होता, आणि लोकांच्या बोलण्यात दोन नावं होती. चढाईत जितूदादूस, पकडीत मी. शिबिरात गेलेल्याला खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकरी लागते, हे आमच्याकडे गुरुत्वाकर्षणाइतकं पक्कं मानतात. मला ती हवी होती. खूप हवी होती. तरी जितूदादूसशी स्पर्धा करायची म्हणून मला रात्री लाज वाटायची.

सामन्याआधी शिरवलीच्या प्रशिक्षकाने तक्रार केली. माणसाचा श्वास सरळ रेषेत येत नसतो, तो वरखाली होतो, मग या एकाचाच दम पट्टीने आखलेला कसा? जिल्हा संघटनेचे सचिव ठाकूर सर भूगोलाचे शिक्षक. सरळ रेषा निसर्गात नसते, एवढं त्यांना पटलं. त्यांनी सांगितलं, सामन्याआधी प्रत्येक खेळाडूच्या कपड्यांवरून यंत्राची काडी फिरवायची.

ही बातमी आल्यावर थोड्या वेळाने जितूदादूस मला देवळामागे घेऊन गेला. त्याने आपला सात नंबरचा शर्ट काढला आणि माझ्या हातात दिला.

"आज तू घाल."

"मी? सात नंबर?"

"माझं काय, आज आहे उद्या नाय. माझ्यानंतर हा तुझाच. आपल्याकडे मोठा धाकट्याला शर्ट देतो, माहीत आहे ना?"

आमच्याकडे तशी पद्धत आहे. खेळ सोडणारा खेळाडू आपला नंबर ज्याला लायक समजतो त्याला देतो, आणि घेणाऱ्याने तो न झटकता, न धुता घालायचा असतो. घाम म्हणजे आशीर्वाद. त्याने माझा चार नंबर घातला. मी सात नंबर घातला आणि रडलो. हे सांगितलं नसतं, पण दहा-बारा जणांनी पाहिलंय.

तपासणी सुरू झाली. डबा माझाच, म्हणून काडी मीच फिरवत होतो. सगळे झाले. जितूदादूसच्या कॉलरवरून काडी फिरवली, काही नाही. शेवटी ठाकूर सर म्हणाले, "आता तुझं. काडी माझ्याकडे दे."

माझ्या कॉलरजवळ काडी आली आणि यंत्राचा आकडा उडाला. इतका वर मी कधी पाहिला नव्हता. नाकाला काहीच जाणवत नव्हतं. मैदानभर पायाला चोळायच्या मलमाचा वास होता आणि यंत्राला आपल्या नाकाच्या हजारो पट कळतं. सरांनी कॉलर उलटी केली. आत सुबक टाके घालून स्पंजाचा एक तुकडा शिवलेला होता.

मी सरांकडे पाहिलं नाही. मी जितूदादूसच्या हाताकडे पाहिलं.

तो हात चार नंबरच्या शर्टाशेजारी खाली लोंबत होता.

चौकशी शाळेच्या भूगोलाच्या वर्गात झाली. भिंतीवर जगाचा नकाशा होता. ठाकूर सर पॅसिफिक महासागरासमोर बसले.

"शर्ट कुणाचा?"

"जितूदादूसचा," मी म्हणालो. "त्याने मला आज दिला."

"जितेश?"

"दिला सर, माझाच होता," जितूदादूस म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचाच होता, जेवायला बोलावतानाचा. "पण मी दिला तेव्हा आत असलं काय नव्हतं. मला तर त्या केमिकलचं नावपण नीट येत नाय."

"ॲसिटोन," मी म्हणालो.

"बघा," तो म्हणाला. "याला येतं."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. यंत्र माझं. त्याला कसं फसवायचं ते मला माहीत. स्पंज माझ्या गळ्यात.

"सर, विचार करा, मी कोपरा आहे," मी म्हणालो. "मी चढाईलाच जात नाही. मला दम चोरून करायचंय काय?"

सरांनी विचार केला. दिसत होतं, करत होते. मग शिरवलीचे प्रशिक्षक म्हणाले, "म्हणजे आजपासून जाणार होता. म्हणून तर सात नंबर घातला." आणि विचार संपला.

"तूच सांगितलंस ना आम्हाला," ठाकूर सर मला म्हणाले, "की या यंत्रात ज्याच्याकडे पुरावा सापडतो तो पकडला जातो?"

"नाही सर. ज्याचं चोरीला जातं तो पकडला जातो."

"मग चोर कुठे जातो?"

"सरळ बाहेर."

"हे कसलं यंत्र!" सर म्हणाले आणि त्यांनी लिहायला घेतलं. मला तीन वर्षं बंदी. मैदानात पाऊल टाकायचं नाही. यंत्र पुरावा म्हणून सील झालं, त्यामुळे अंतिम सामना जुन्या पद्धतीने, कानांनी दम ऐकून झाला. जितूदादूसने अकरा गुण घेतले. शिबिराला त्याचं नाव गेलं.

संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला आला. नेहमीसारखा, चप्पल दाराबाहेर उलटी टाकून.

"कशाला केलंस?" मी विचारलं.

त्याने नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, निदान घरात नाही म्हणेल. म्हणजे मला त्याच्यावर विश्वास ठेवायला काही तरी उरलं असतं.

"मी बत्तीसचा झालो निनाद. हे शेवटचं शिबिर, आणि जागा एकच. तू चोवीसचा. तीन वर्षांनी सत्तावीस. अजून खेळशील."

"सगळे मला चोर म्हणतायत."

"म्हणूदे. चार दिवस म्हणतील. तू शिकलेला आहेस, तुला कुठेही नोकरी लागेल. मला दुसरं काय येतं?"

"मग शर्ट कुणालाही द्यायचास. मलाच का?"

यावर मात्र त्याने मान वर केली. त्याला प्रश्न खरोखर कळला नव्हता.

"दुसऱ्या कुणी घेतला असता काय, न तपासता?"

आई चुलीकडे पाठ करून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तो गेल्यावर मी म्हणालो, "आई, तू उद्या ठाकूर सरांना सांग."

"काय सांगू?"

"आत्ता ऐकलंस ते."

तिने त्याचं ताट उचललं. "घरातलं घरात राहू दे. बिनआईचं पोर आहे ते. तुझ्या आधीपासून माझ्या हातचं खातंय."

घरातला माझा नंबर कितवा, हे मला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझा तोंडातला घास तसाच राहिला. मी तो गिळला, कारण दुसरं काय करणार?

शिबिराला निघण्याआधी जितूदादूसचा सत्कार ठेवला. तोही मैदानात. राज्य संघटनेचे एक पाहुणे येणार होते. मी दोरीबाहेर खुर्ची टाकून बसलो. दोरीबाहेर बसायला बंदी नव्हती, मी नियम वाचला होता. ऊन उतरत होतं. हार, माईक, खुर्च्या, सगळं नेहमीचं. पाहुण्यांनी मात्र नेहमीचं भाषण न करता विचारलं, "तो सरळ रेषेचा दम आम्हाला बघायला मिळेल का? यंत्र लावून?"

ठाकूर सरांनी अभिमानाने सील फोडलं. जितूदादूस म्हणाला, "जरा कपडे बदलून येतो," आणि घराकडे गेला. परत आला तेव्हा त्याने कॉलरच्या आत बोट घालून ती एकदा मानेपासून सैल केली. फार साधी हालचाल होती ती. दोनेकशे माणसांनी पाहिली असेल आणि मला एकट्याला कळली.

सरांनी त्याच्या कमरेला डबा बांधला. काडी ओठांजवळ आणली. सगळे मागे सरले. आणि तेवढ्यात आई औक्षणाचं ताट घेऊन मैदानात आली.

"काकी, ते नंतर," जितूदादूस म्हणाला. "आधी चढाई होऊ दे."

"नंतर कसं? रिकाम्या कपाळाने चढाईला जातात काय?"

"काकी, ऐक ना..."

"हल मागे. तू ऐक." तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. जितूदादूसने एक पाऊल मागे घेतलं. आई एक पाऊल पुढे आली. लोक हसले. बिचाऱ्याला कारण सांगता येत नव्हतं. ज्या बाईने वाढवलं तिला भर मैदानात 'माझी कॉलर पेट घेते' असं सांगण्याची रीत आमच्याकडे नाही.

आईने निरांजन लावलं आणि ताट उचललं.

पहिली ओवाळणी झाली, तेव्हा मी खुर्चीतच होतो. ओरडता आलं असतं. पण ओरडलो असतो तर कारण विचारलं असतं, आणि माझी कारणं ऐकायची गावाने बंद केली होती. शिवाय, खरं सांगायचं तर, मला बघायचं होतं. ज्योत उजव्या खांद्यावरून गेली, हनुवटीखालून गेली, डावीकडे आली. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते. ज्योत वर होती.

दुसऱ्या ओवाळणीला आईचा हात थोडा खाली आला. ती थकली होती. मी खुर्ची कधी सोडली ते मला आठवत नाही.

निळसर उजेड झाला. अगदी फिका, कॉलरभोवती गोल, हारासारखा. क्षणभर जितूदादूस खरोखर चमकला. मग शर्टाचा कापूस पेटला आणि तो उजेड पिवळा झाला. आईच्या हातातलं ताट पडलं.

मी दोरीवरून उडी मारली, मध्यरेषा ओलांडली, खाली झुकलो आणि त्याचा डावा घोटा धरला. गुडघा आत, खांदा त्याच्या मांडीला, वजन पुढे. त्याने शिकवला होता तसाच. तो तोंडावर मातीत पडला आणि मी त्याच्या पाठीवर चढून दोन्ही हातांनी त्याच्या मानेवर माती चोळली. आग विझली.

"निनादने धरला त्याला! सोडवा रे!" कुणी तरी ओरडलं. दोघांनी माझा शर्ट ओढला. तिसऱ्याने माझ्या पाठीत बुक्की घातली. बहुतेकांना आग दिसलीच नव्हती; त्यांना फक्त मी दिसलो होतो, बंदी असलेला, सत्कारमूर्तीच्या पाठीवर.

मग विभावहिनी पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याला उताणा केला, मान पाहिली. कातडी लाल झाली होती, उजवी भुवई अर्धी गेली होती, बाकी धड होतं. कॉलर हातात आली. तिच्यातून जळका स्पंज बाहेर लोंबला. वहिनींनी तो नाकाजवळ नेला. मागच्या लोकांना माहीत नसेल, पण पुढच्या सगळ्या बायका त्यांच्या पार्लरमध्ये जातात. स्पंज एका बाईकडून दुसरीकडे गेला. ठाकूर सरांपर्यंत तो आला तेव्हा त्यांनीही वास घेतला आणि पाहुण्यांकडे पाहिलं.

"हे माझं आहे," वहिनी म्हणाल्या. त्या जितूदादूसकडे बघत नव्हत्या. "माझ्या बाटलीतलं."

माझा शर्ट ओढणाऱ्यांनी हात सोडले. मी अजून गुडघ्यावर, जितूदादूसच्या शेजारी होतो.

"दादूस," मी हळूच म्हणालो, "हात."

त्याला ऐकू गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पाहुण्यांकडे. दोनेकशे माणसं थांबली होती. एवढंच करायचं होतं. पंचाने पाहिलेलं नसलं तरी करायचं असतं, आणि आता तर सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्याचा उजवा हात मातीतून उठला. वर आला. हात कपाळापर्यंत गेला, उरलेली भुवई चाचपली, आणि परत खाली आला.

"केवढीशी राहिली रे?" त्याने विचारलं.

मी उभा राहिलो. अंगावरची माती झटकली. आईने "निनाद" अशी हाक मारली, पण मला आता ती कितव्या नंबरची हाक होती ते मोजायचं नव्हतं. बंदी असताना मी मैदानात शिरलो होतो, मध्यरेषा ओलांडली होती, आणि कबड्डी म्हटलं नव्हतं. मी हात वर केला, नीट, कोपर सरळ करून, आणि दोरीकडे चालू लागलो.

मागे यंत्राला आता कॉलरचं ॲसिटोन मिळत नव्हतं. बरंचसं जळून गेलं होतं, उरलेलं स्पंजाबरोबर ठाकूर सरांच्या हातात होतं. त्यामुळे त्याला पहिल्यांदाच जितूदादूसचा खरा श्वास मिळत होता. त्याने श्वास आत घेतला की डबा शिटी मारायचा. सोडला की गप्प. घेतला की पुन्हा शिटी.

तो कसा बंद करायचा ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी दोरी ओलांडून पलीकडे गेलो.